लाकडी पायाचा तपास

माझ्या मावशीसमोर तुमचं काही हरवलंय असं चुकूनही म्हणू नका. म्हणायचंच असेल तर घरी उशीर होईल असं आधी सांगून या. "चष्मा सापडत नाहीये," एवढंच मी एकदा सहज बोलून गेलो. तिने मला समोर बसवलं आणि काड्यांचा रंग कोणता, काचेवर चरा आहे का, शेवटचा कुठे काढला, काढताना मनात काय चाललं होतं, इथपर्यंत नेलं. चष्मा माझ्या डोक्यावर होता आणि तो तिला पहिल्यापासून दिसत होता.

"मग बोलली का नाहीस?"

"दिसली वस्तू की लगेच द्यायची नसते," मावशी म्हणाली. "आधी खूण पटवायची असते."

मावशी म्हणजे आईची सगळ्यात धाकटी बहीण. बसडेपोच्या हरवले-सापडले खिडकीमागे तिचा उभा जन्म गेला. बसमध्ये लोक जे जे विसरतात ते सगळं तिच्याकडे येतं. छत्र्या, डबे, एकाच पायाचे बूट, हसऱ्या कवळ्या. एकदा तर कुणाचे तरी सासरे आले होते. सूनबाई धापा टाकत न्यायला आल्या तेव्हा मावशीने त्यांनासुद्धा खूण विचारली. "आता सासऱ्यांची काय खूण सांगू?" म्हणाल्या. मावशीने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे तोवर दोन कप चहा पिऊन खुर्चीत आरामात बसले होते आणि खूण पटू नये अशीच त्यांची इच्छा दिसत होती.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्याच डेपोत ड्रायव्हर. लग्नाच्या आधी त्यांच्या गाडीत म्हणे जरा जास्तच छत्र्या विसरल्या जायच्या, आणि त्या खिडकीवर जमा करायला कंडक्टरला न पाठवता ड्रायव्हर स्वतः जायचा. पुढे दोघांना एक मुलगी झाली. एकुलती एक असून तिला सगळे धाकटी म्हणतात. थोरली कोण, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ती सध्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते.

नोकरीत असेपर्यंत काका दिवसभर अख्ख्या शहराशी भांडून घरी यायचे आणि संध्याकाळी जेवताना ते भांडण सगळ्यांच्या आवाजांत पुन्हा करून दाखवायचे. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि सगळे आवाज एकदम बंद पडले. सकाळी पुढच्या खोलीतल्या खुर्चीत ठेवलेला माणूस संध्याकाळी तिथेच सापडायचा. मावशीने दुपारसाठी झाकून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं असायचं. विचारलं तर "भूक नव्हती."

बाहेर पडावं, चार माणसांत जावं, तर आमचं गाव असं ऐसपैस पसरलेलं की बसशिवाय कुठे जाणं होत नाही. आणि बसमध्ये प्रवासी म्हणून बसायला काकांची साफ ना.

"दुसऱ्याच्या गाडीत माझा उजवा पाय भरून येतो," ते म्हणायचे. "तो ब्रेक मारत नाही. मग मला मारावा लागतो."

हे लटकं कारण नव्हतं. धाकटीने एकदा त्यांना बळेच बसने नेलं होतं, तर परतल्यावर त्यांच्या पोटरीला शेक द्यावा लागला. त्यानंतर काका कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नाहीत.

अशात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला मोठी रजा मिळाली. मावशीने घरी पडून पडून कंटाळू नये म्हणून धाकटीने सुट्टीवर येताना एक व्हिडिओ गेम आणला. टीव्हीला जोडायचा डबा, हातात धरायचं ते बटणांचं यंत्र आणि त्यात एक अख्खं राज्य: डोंगर, किल्ले, जादूगार, आणि उत्तरेला नुकताच झोपेतून उठलेला, त्यामुळे वैतागलेला एक ड्रॅगन. तुम्ही एक वीर व्हायचं, राजाची आज्ञा घ्यायची आणि ताबडतोब उत्तरेकडे धाव घ्यायची, असा त्यातला हुकूम होता.

मावशीने धाव घेतली, पण तिला मान फिरवणं जमेना. एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने बघायचं असतं. मावशीचा वीर कायम आभाळाकडे बघत चालायचा आणि विहिरीत पडायचा. तो पुन्हा पडला तेव्हा खुर्चीतून आवाज आला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा, कुणी काही न विचारता.

"अगं, आरशात बघ की."

"इथे आरसा नसतो."

"मग आण इकडे."

अशी त्या वीराची वाटणी झाली. हातपाय काकांचे, डोकं मावशीचं. खालची अक्षरं वाचणं, कुणाशी काय बोलायचं ते ठरवणं, कुठे जायचं ते सांगणं हे तिच्याकडे. गाडी, म्हणजे घोडा, काकांकडे. मी शेजारच्याच गल्लीत राहतो. दुपारी गुडघ्याची चौकशी करायला म्हणून जायचो आणि संध्याकाळपर्यंत बसायचो. असा घोडा मी कधी पाहिला नाही. तो रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचा. गाव आलं की वेग कमी करायचा, कोंबड्या आडव्या आल्या की थांबायचा. वाटेत कुणी नुसतं उभं दिसलं तरी थांबायचा, कारण रस्त्याच्या कडेला उभा राहणारा माणूस स्टॉपवरच उभा असतो अशी काकांची ठाम समजूत. तिथे उभा असलेला बिचारा रखवालदार "शुभ दिवस, वाटसरू" एवढं म्हणून गप्प व्हायचा. काका थोडं थांबायचे. मग "येणार नसाल तर हात कशाला करता," असं पुटपुटत घोडा हाकायचे.

मावशीची तऱ्हा आणखी वेगळी. या खेळात, धाकटीने मला सांगितलं, कुणाच्याही घरात शिरून दिसेल ते उचलायचं असतं. पाव, तलवारी, मेणबत्त्या, सगळं. वीर लोक असंच करतात. मावशीच्या वीराने एका झोपडीतून सफरचंद उचललं तर तिने त्याला परत पाठवून ते होतं तिथे ठेवायला लावलं. ते टेबलावर नीट बसेना, सारखं गडगडत खाली पडायचं. त्या दुपारी काका तासभर सफरचंद ठेवत होते.

आणि मग गिरणीच्या पायरीवर तो म्हातारा शिपाई भेटला.

त्याला उजवा पाय नव्हता. तो म्हणाला, "बाबा रे, माझा लाकडी पाय हरवला. शोधून देशील का?"

मावशी गुडघ्याखालची उशी बाजूला सारून उठून बसली. इतके दिवस राजे, ड्रॅगन, जगाचा विनाश यांतलं काही तिच्या खात्याचं नव्हतं. हे होतं.

"कुठे हरवला?" तिने टीव्हीला विचारलं. "शेवटचा कधी पाहिलात? सोबत कोण होतं?"

"बाबा रे, माझा लाकडी पाय हरवला," शिपाई म्हणाला.

"अगं, त्याला तेवढंच बोलता येतं," मी म्हणालो.

"मला सांगू नकोस. धक्का बसलेली माणसं अशीच एक वाक्य धरून बसतात. खिडकीवर रोज बघते मी. अहो, हो म्हणा त्यांना."

काकांनी 'हो'चं बटण दाबलं. मुख्य काम सोडून मधेच अंगावर घेतलेल्या अशा आडवाटेच्या कामगिरीला साइड क्वेस्ट म्हणतात. धाकटीसारखी तरबेज माणसं अशा डझनावारी कामगिऱ्या एकाच वेळी खिशात टाकून हिंडतात. या दोघांनी एकच घेतली आणि राजाला, ड्रॅगनला, उत्तर दिशेला कायमचा रामराम ठोकला. क्षितिजावर कधी कधी धूर दिसायचा. "कुठलं तरी शहर जळतंय वाटतं," काका म्हणायचे. "जळू दे," मावशी म्हणायची. "आधी तो पाय."

तो पाय म्हणजे भलताच फिरस्ता निघाला. शिपाई झोपला असताना तो कुत्र्याने पळवला होता. कुत्र्याकडून धोबिणीने घेतला आणि कपडे बडवायला वापरला. धोबिणीकडून तो पुलाखालच्या राक्षसाने हिसकावला. राक्षस त्या पायाने सूप ढवळायचा. राक्षसाशी लढाई करावी लागली आणि लढाई हा काकांचा प्रांत नव्हे. राक्षस अंगावर आला की काका उजवा पाय जमिनीवर दाबायचे आणि वीर मरायचा.

"अहो, तलवार मारा. ब्रेक काय मारताय?"

"अंगावर येतंय म्हटल्यावर आधी ब्रेकच मारणार ना माणूस."

"मागे सरका तरी."

"मागे कोण आहे बघितल्याशिवाय मागे घेत नाही मी."

राक्षसाने त्यांना किती वेळा मारलं याचा हिशेब त्यालाही नसेल. पण रोज दुपारी जेवणं वेळेवर व्हायला लागली, कारण राक्षस वाट बघत होता. काका भात कालवता कालवता म्हणायचे, "आज त्याच्या डाव्या अंगाने जाऊन बघतो." त्यांचे आवाज परत आले. राक्षसाचा आवाज ते इतका हुबेहूब काढायचे की समोरच्या शिंपीणबाई एकदा कोण आलंय ते बघायला आल्या. त्याही बसल्या. त्यांनी वीराच्या अंगरख्याच्या शिलाईत खोट काढली आणि रोज यायला लागल्या.

शेवटी राक्षस पडला. म्हणजे काकांनी त्याला पाडला नाही, तो त्यांच्यामागे धावताना पुलावरून घसरला. पाय मिळाला. मावशीने तो पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. टाचेला तीन खाचा आणि गुडघ्याशी चामड्याचा पट्टा.

त्या संध्याकाळी ती मला दारापर्यंत सोडायला आली. काठी न घेता आली.

"चालायला लागलीस की छान," मी म्हणालो.

"तेच तर," ती हळू आवाजात म्हणाली. "गुडघा बरा होतोय याची मला धास्ती बसलीय. सोमवारी कामावर जायचंय. मी गेले की हे पुन्हा त्या खुर्चीत. मागच्या वर्षीसारखं. परत येऊन पुन्हा ते झाकलेलं ताटच बघायचं रे."

"आता गेम आहे ना."

"एकटे खेळत नाहीत ते. मी स्वयंपाकघरात गेले तरी घोडा उभा करून ठेवतात."

हे खरं होतं. ती पाणी प्यायला उठली की वीर आणि घोडा दोघंही माना खाली घालून रस्त्यात उभे राहायचे. वर पाऊस पडत असला तरी.

पाय घेऊन गिरणीकडे परतताना मधे बंदर लागतं. तिथे एक खलाशी बसला होता. त्यालाही एक पाय नव्हता. तो म्हणाला, "अरे, हा तर माझाच लाकडी पाय." खेळात इथे सोय अशी की तुम्ही ठरवायचं. शिपायाला दिलात तर एक ढाल मिळते, खलाशाला दिलात तर होडी. बाकीचं जग ढाल की होडी याचा विचार करतं.

मावशीने ढालीकडे पाहिलं नाही की होडीकडे पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर डेपोची खिडकी उतरली.

"दोन दावेदार," ती म्हणाली. "खूण कुणीच सांगितलेली नाही. ना याने खाचा सांगितल्या, ना त्याने पट्टा. कुणालाही द्यायचा नाही."

"मग करायचं काय?" काका म्हणाले.

"वस्तू कपाटात ठेवायची आणि वाट बघायची. ज्याची असेल तो येतो. नियमच आहे तो."

"त्यांना नियम माहीत आहे का पण?"

"नियम माहीत नसलेलेच येतात माझ्याकडे."

बंदरावर एक खानावळ होती. वरच्या खोलीत एक पेटी होती. काकांनी पाय त्या पेटीत ठेवला. खेळात झोपून दिवस घालवता येतात, तर वीराला पेटीशेजारी झोपवलं. तो उठला, कुणी आलं नव्हतं. पुन्हा झोपवलं. बिचारा वीर. राज्य जळतंय, राजा रडतोय, आणि हा खानावळीत कुणाच्या तरी पायाची राखण करत लोळतोय. खेळातल्या बऱ्याच दिवसांनी मावशी म्हणाली, "जरा बघा हो, नीट आहे ना."

पेटी रिकामी होती.

धाकटीला फोन लावला. ती आधी इतकी हसली की मावशीने फोन कानापासून लांब धरला. मग तिने सांगितलं की खानावळीची पेटी आपली नसते. थोड्या दिवसांनी ती साफ होते आणि त्यातलं सामान फिरत्या व्यापाऱ्याकडे जातं. तो व्यापारी राज्यभर हिंडतो, कुठे भेटेल सांगता येत नाही. "पण आई, इतकं काय त्यात? मागचा सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला खेळ, उघडा. पाय ठेवायच्या आधी जाऊन पोचाल."

"मागे जायचं नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "रस्त्यात एखाद्याची पिशवी पडली म्हणून आपण काल सकाळपासून गाडी पुन्हा सोडतो का? हरवला तो हरवला." मग ते मावशीकडे वळले. "त्या राक्षसाच्या हातून काढून आणला मी तो. तुझ्या हवाली केला. आणि तू ठेवलास कुठे, तर खानावळीत. बघितलंस तरी का पेटी कुणाची आहे ते?"

मावशीने फोन ठेवून दिला. तिच्या खिडकीतून आजवर एक रुमालही गहाळ झालेला नव्हता. काकांनाही ते माहीत होतं, आणि बोलून गेल्यावर जास्तच आठवलं असावं. ते खुर्चीत जाऊन बसले. शिंपीणबाई "कढई ठेवून आलेय" म्हणून उठल्या. कढईचा वास कुणालाच येत नव्हता.

हे शनिवारी झालं. रविवारी मी गेलो तेव्हा टीव्ही बंद होता आणि मावशी सोमवारच्या साडीला इस्त्री करत होती. काका वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

"झालं," मावशी मला स्वयंपाकघरात म्हणाली. "तेवढा एक गेम होता, तोही मी घालवला."

सोमवारी ती कामावर गेली. दुपारी जेवायच्या आधीच मला तिचा फोन.

"हे फोन उचलत नाहीत. सकाळपासून किती वेळा लावला. जाऊन ये जरा."

मी गेलो. दाराला कुलूप. मी ते दोनदा ओढून पाहिलं, कारण त्या घराला दिवसा कुलूप मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. शिंपीणबाईंचं दार वाजवलं.

"गेले ते," त्या तोंडातली टाचणी काढत म्हणाल्या. "इस्त्रीचा शर्ट, बूट. मावशी कामावर गेल्यापासून टीव्हीवर घोडा टापटाप पळत होता. मग एकदम थांबला आणि ते जिन्याने खाली. मी म्हटलं कुठे निघालात, तर म्हणतात, वेळ नाही."

मावशीला फोनवर सांगावं तर ती तिथे एकटी घाबरेल. म्हणून मी बस पकडून थेट डेपो गाठला.

हरवले-सापडले खिडकीपुढे सोमवारची रांग होती. शनिवार-रविवारी लोक जास्त विसरतात. मावशीसमोर एक गृहस्थ आपल्या थर्मासचं वर्णन करत होते आणि ती ऐकत होती, पण डोळे टेबलावरच्या फोनवर. मला पाहिल्यावर ती खुर्चीतून अर्धवट उठली. 

"कुलूप आहे," मी म्हणालो. "इस्त्रीचा शर्ट घालून गेलेत."

"इस्त्रीचा?" तिने थर्मास त्या गृहस्थांना देऊन टाकला. खूण पुरती पटली होती असं मला वाटत नाही. "कुठे जाणार रे हा माणूस? पायी किती लांब जाणार?"

तेवढ्यात फलाटावर एक बस येऊन थांबली. जरा जोरातच थांबली. माणसं उतरली, आणि त्यांच्यामागून, प्रवाशांच्या दारातून, दांडीला घट्ट धरून काका उतरले. उतरल्यावर त्यांनी उजवा पाय दोनदा झटकला. वळून ड्रायव्हरकडे एक नजर टाकली. मग तरातरा खिडकीकडे आले.

"रांगेत या," मागची एक बाई म्हणाली. तिची छत्री हरवली होती.

"मी यांचा नवरा आहे."

"असाल. रांग सगळ्यांना असते."

काका रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच मोठ्याने बोलायला लागले. "सापडला गं."

"कोण?"

"पाय."

रांगेतली सगळी माणसं वळली.

"फोन का नाही उचललात तुम्ही?" मावशीने टेबलावरचा फोन उचलून दाखवला. "माझा जीव गेला इथे."

"उचलून सांगू काय? तू गेल्यापासून त्या व्यापाऱ्याच्या मागे आहे. धाकटी म्हणते तो कुठेही भेटतो. कुठेही कसा भेटेल? माल विकणारा माणूस आहे, त्याचा काही रूट असणारच. गिरणीवरून निघतो, बंदर, मग तिठ्यावरचं कुंड, मग डोंगरातली दोन गावं. मी तिठ्यावर घोडा लावून थांबलो. आला बरोबर."

"आणि पाय?"

"आहे त्याच्याकडे. टाचेला खाचा, पट्टा, सगळं बघितलं. पण तो नुसता देत नाही. बदल्यात घोडा मागतोय."

मावशीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "दिलात?"

"तुला न विचारता? घोडा दोघांचा आहे. त्याला थांबवून ठेवलंय तिथेच, बटण दाबून. म्हणून तर आलो."

"फोनवर विचारायचं होतंत."

"घोडा द्यायचा का, हे फोनवर विचारतात?"

आता रांगेला राहवेना. "घोडा देऊ नका," पुढचा एक तरुण म्हणाला. "नंतर मिळत नाही तसा." छत्रीवाल्या बाईंनी विचारलं, "पण पाय कुणाचा आहे?" काकांनी थोडक्यात सांगितलं. त्यांनी राक्षसाचा आवाज काढला, तेव्हा फलाटावरचा एक कंडक्टर खिडकीशी आला. "अरे, हे तर आपले..." म्हणून त्याने काकांच्या पाठीत थाप घातली. आणखी दोघे आले. बाईंचं मत पडलं की पाय नसलेला माणूस पायरीवर बसून आहे म्हटल्यावर घोड्याचं काय घेऊन बसलात. तरुणाचं मत पडलं की शिपाई खरा नाहीये. "तुमची छत्री तरी खरी आहे का, बघतो थांबा," असं कुणीतरी कुणाला तरी म्हणालं आणि वातावरण जरा तापलं.

"अहो पण," मावशी त्या सगळ्यांच्या डोक्यावरून म्हणाली, "घोडा गेल्यावर तुम्ही गिरणीपर्यंत जाणार कसे? केवढं लांब आहे ते."

"तिथे भाड्याची गाडी असते. तिठ्यावरून सुटते. आपण मागे बसायचं, तो नेतो."

"तुम्ही? मागे बसून?"

काकांनी फलाटावरच्या बसकडे बोट दाखवलं. "आलो ना आत्ता."

 मावशीने समोरचा पेला उचलला, पाणी प्यायली, आणि पदराने तोंड पुसलं. तोंडाबरोबर डोळेही पुसले गेले असतील, मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.

"द्या घोडा," ती म्हणाली.

"आणि पाय? शिपायाला की खलाशाला?"

"ते तुम्ही बघा. मी कामावर आहे."

काकांनी मान डोलावली. कंडक्टर म्हणत होता, चहा घेऊन जा, मंडळी आत आहेत, सगळे विचारतात तुम्हाला. "आज नाही," काका म्हणाले. "माणूस खोळंबलाय तिकडे. उद्या येतो." आणि ते बसकडे निघालेसुद्धा. मावशी ओरडली, "ताट झाकून ठेवलंय," तर मागे न बघता म्हणाले, "जेवलोय मी. दहालाच."

बस सुटायला अवकाश होता. मावशीला खिडकीतून फलाटाचा कोपरा दिसत नाही.

"बसले का रे?" तिने मला विचारलं.

"बसले. अगदी पुढच्या बाकावर."

"ड्रायव्हरशी बोलतायत?"

"हो."

"बोलू नका असं लिहिलंय तिथे. काय बोलतायत?"

"ऐकू येत नाही. पण पाय आपटून काहीतरी दाखवतायत. ड्रायव्हर हसतोय."

बस निघाली, वळणावर हळू झाली आणि गेली. मावशीने फोन पर्समध्ये टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि छत्रीवाल्या बाईंना म्हणाली, "हं. दांडा लाकडी की प्लास्टिकचा?"